उसात भाजी घेतली आणि ऊस रुसला? या चुका टाळा

उसाची पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) लागण झाली की साडेचार फुटी सरीतली मोकळी जागा डोळ्यांत भरते. ऊस रान झाकायला अडीच-तीन महिने घेतो. तेवढ्यात भाजी निघाली तर लागणीचा खर्च सुटतो. हिशोब खरा आहे, पण तो फसतो तारखांत.

मेथी 30-35 दिवसांत उपटायला येते, कोबी रोप लावल्यापासून 70-80 दिवसांत. कांद्याला 100-110 दिवस लागतात. लागणीनंतर महिनाभराने कांदा लावला, की तो निघेपर्यंत मोठ्या बांधणीची, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर द्यायची वेळ टळलेली असते. मग उशिराचे पोचट फुटवे येत राहतात आणि भर न मिळालेला ऊस पुढे लोळतो. कांदा घ्यायचाच तर लागणीच्या आठवड्यातच. भाव पडला म्हणून कोबी आणखी पंधरा दिवस उभा ठेवणारेही असतात. गड्डे फुटतात, ऊसही खुंटतो.

ऊस मागे पडलेला दिसला की लगेच युरियाचं पोतं फोडू नका. आधी झाड बघा. कोंब बारीक आणि लांबुळके झाले असतील तर भाजीची सावली पडतेय. खत टाकून काही होणार नाही, भाजी काढा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर बहुधा नत्र कमी पडलंय. उसाच्या खतातच भाजी पोसू पाहिली की हे होतं. भाजीचा डोस वेगळा द्यावा लागतो.

तणनाशकाचं थोडक्यात: उसाला चालणारं अ‍ॅट्राझीन किंवा 2,4-डी कोबी-मेथीला चालत नाही. अंतरपीक ठरलं की तण खुरप्यानेच काढा.

तारखांचा असाच घोळ टोमॅटोत अळीला सापळा म्हणून लावलेल्या झेंडूचा होतो. 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ सगळे लावतात, पण दोन्ही रोपं एकाच वयाची. झेंडूचं रोप 40-45 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं हवं, तरच दोघांना फुलं एकाच वेळी येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. आणि दसऱ्याचा भाव बघून सगळी फुलं एकदम खुडलीत, तर पतंगाला उरतो तो टोमॅटोच.