रेंडर दाखवताना नेमकं काय विचारायचं

रेंडर, म्हणजे खोलीचं संगणकावर बनवलेलं चित्र, दाखवून ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘लई भारी!’ एवढंच उत्तर येतं. त्याचा उपयोग नाही. नेमकं विचारा: सोफ्याचं कापड प्लास्टिकसारखं चमकतंय का? खिडकीजवळची भिंत पांढरीफट्ट पडलीय का?

चित्रासोबत मापांचा प्लॅन आणि क्ले रेंडर द्या, म्हणजे सगळ्या वस्तूंना एकच राखाडी मटेरियल. चूक उजेडाची की मटेरियलची, हे त्यात लगेच कळतं. व्हॉट्सअॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून पाठवली तर सावल्यांतले बारकावे जातात.

आधी स्वतः तपासा. कॅमेरा 1.2 ते 1.5 मीटर उंचीवर, उभ्या रेषा सरळ, लेन्स 24 ते 28 मिमी. 16 मिमीला दहा बाय दहाची खोलीही हॉल वाटते, आणि घरमालकाची ती फसवणूकच. फर्निचरच्या कडांना 1 मिमी बेव्हल द्या, म्हणजे कड किंचित तासलेली ठेवा. धारदार कडेवर उजेडाची रेघ उमटत नाही, म्हणून कपाट पुठ्ठ्याचं दिसतं.

सूर्य सगळ्यात जास्त चुकतो. कोल्हापुरात डिसेंबरात भर दुपारी तो दक्षिणेला सुमारे 50 अंशांवर असतो, जूनमध्ये मात्र डोक्यावरून किंचित उत्तरेला. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून फरशीवर पडलेलं दुपारचं ऊन दाखवलंत, तर महिनाही सांगा.

शेवटी चित्र सुतारालाही दाखवा. शटरमधली 2-3 मिमीची फट राहिलीय का, ड्रॉवर उघडताना हँडल भिंतीला अडेल का, हे तोच पहिल्यांदा पाहतो.