आर्डुइनोला यूएसबी कीपॅड जोडायचाय? आधी पाच व्होल्टांचं बघा

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीसाठी मी कट्टे मोजायचं छोटं यंत्र करून दिलं. मुनीमजी शेतकऱ्याचा नंबर दाबतात, कट्टे दाबतात, डिस्प्लेवर बेरीज येते. यात कीपॅड यूएसबीचाच हवा होता. ते पातळ पत्र्यासारखे मॅट्रिक्स कीपॅड सोयाबीनच्या एका हंगामात धुळीनं बसतात. यूएसबीचा कीपॅड गावातल्या कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो आणि बिघडला तर मला न बोलावता बदलता येतो.

तर आर्डुइनोला, म्हणजे असली यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्राम घालायच्या छोट्या बोर्डाला, कीपॅड, माउस, बारकोड स्कॅनर असं काही जोडायचं असेल, तर मी ते कसं करतो ते सांगतो.

सुरुवातीलाच एक खूळ डोक्यातून काढा: 'ओटीजी केबल लावली की झालं.' होत नाही. ओटीजी केबल फोनला फक्त एवढंच कळवते की आता तू यजमान, म्हणजे होस्ट, हो. फोनच्या पोटात यजमान व्हायची सोय आधीपासून असते, आर्डुइनोच्या जुन्या, साध्या उनो आणि नॅनो बोर्डांच्या पोटात नसते. त्यांच्यावरचं यूएसबीचं सॉकेट कॉम्प्युटरशी बोलायला आहे, तिथे ते स्वतः पाहुणे असतात. कितीही केबली बदला, दोन पाहुणे समोरासमोर बसून एकमेकांचं तोंड बघत राहणार.

काय घ्यायचं

काम कोरं असेल तर आर्डुइनोच्या नादी लागू नका, ईएसपी३२-एस३ चिपचा बोर्ड घ्या. यजमानपण चिपमध्येच आहे, १९ आणि २० नंबरच्या पायांवर. जुना, नुसता ईएसपी३२ चालणार नाही, त्यात यूएसबीच नाही. रास्पबेरी पाय पिकोवरही होतं. तिथे दोन साध्या पायांवर पीआयओ (चिपमधली पाय झपाट्यानं हलवायची सोय) वापरून होस्ट करायचा असेल तर चिपचं घड्याळ १२० किंवा २४० मेगाहर्ट्झवर न्या. १२५ वर ठेवून 'कीपॅड दिसत नाही' म्हणणारे मला आठवड्याला एक तरी भेटतात.

पेनड्राइव्हवर फाइल लिहायची असेल तर सीएच३७६चं मॉड्यूल आणा, तो विषय वेगळा.

हातात आधीच चालतं आर्डुइनो असेल तर मॅक्स३४२१ई चिपचं होस्ट शील्ड, म्हणजे यजमानपण देणारा जोडबोर्ड. मी त्याचा मिनी प्रकार वापरतो आणि खाली ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी हा छोटा आर्डुइनो. दोन्ही एकाच मापाचे, पिना टाकल्या की एकावर एक बसतात. लातुरात मिळत नाही, पुण्याहून कुरिअरनं मागवतो.

उनोवरच मिनी शील्ड बसवायचा हट्ट असेल तर मॅक्स३४२१ई ला ५ व्होल्टचे सिग्नल सोसत नाहीत हे लक्षात ठेवा. मध्ये सिग्नल ३.३ वर उतरवणारी ७४एचसी४०५० चिप घाला, तिला वीज ३.३ चीच द्या. बाजारात मिळणारा चार मॉस्फेटवाला स्वस्त कन्व्हर्टर इथे वापरू नका. शील्डची लायब्ररी (तयार कोड) उनोवर ८ मेगाहर्ट्झनं बोलते, तेवढ्या वेगाला तो पुरा पडत नाही.

जोडणी

शील्डचा एसएस (चिप निवडायचा पाय) आर्डुइनोच्या १० ला, इंट (चिपची हाक आणणारा पाय) ९ ला, बाकी एसपीआयच्या, म्हणजे दोघांच्या बोलण्याच्या, ओळी ११, १२, १३ वर. आरएसटी, म्हणजे रिसेटचा पाय, मोकळा सोडू नका. वायर वापरत असाल तर वीतभरापेक्षा लांब नको.

पाच व्होल्ट

माझ्या तीन रात्री इथे गेल्या.

पहिल्यांदा सगळं जोडलं, माउस लावला आणि तो चालला. हलवला की स्क्रीनवर आकडे पळत होते. म्हटलं, झालं काम. मग कीपॅड लावला. नमलॉकचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. बारकोड स्कॅनर लावला तर लाल उजेड मिणमिणता आला, एक बीप वाजला, मग सामसूम. माउस चालतोय म्हणजे शील्ड बरोबर, असं मी धरून चाललो आणि प्रोग्रामच्या मागे लागलो. लायब्ररी बदलली, तिची जुनी आवृत्ती घातली, दुसरा कीपॅड उसना आणला. तिसऱ्या रात्री सहज मल्टिमीटर यूएसबी सॉकेटच्या पायांना लावला: ३.२८ व्होल्ट.

मिनी शील्डवर सॉकेटचा वीजपाय, म्हणजे व्हीबस, कारखान्यातूनच ३.३ व्होल्टच्या ओळीला जोडलेला येतो. यूएसबीच्या वस्तूला हवे असतात पाच. काही माउस ३.३ वर कसेबसे चालतात आणि तेच आपल्याला फसवतात. म्हणून माझं म्हणणं आहे की माउसवर चाचणी घेऊच नका.

कळलं तेव्हा मला एवढा आनंद झाला की घाईत व्हीबसच्या पॅडला सरळ ५ व्होल्टची वायर डकवली. आधीचा ट्रॅक तसाच. पाच व्होल्ट त्या ट्रॅकमधून उलटे ३.३ च्या ओळीत गेले. मॅक्स३४२१ई ला ३.६ च्या वर चालत नाही. चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला आणि एक ओळखीचा जळका वास आला. नवं शील्ड यायला चार दिवस.

तर क्रम असा, आणि तो बदलायचा नाही. शील्डला काहीही न जोडता मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक सॉकेटच्या व्हीबस पायाला, दुसरं ३.३ च्या पिनेला. बीप वाजणार. व्हीबस लिहिलेल्या पॅडपासून निघणारा बारीक ट्रॅक शोधा. नकला बऱ्याच फिरतात आणि ट्रॅक प्रत्येकात त्याच जागी असेल असं नाही, त्यामुळे इंटरनेटवरच्या फोटोवर नाही, मीटरवर भरवसा ठेवा. कटरच्या पात्यानं त्या ट्रॅकवर मिलिमीटरभर अंतरानं दोन काप द्या आणि मधला तांब्याचा तुकडा गरम सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं उचलून टाका. नुसता एक ओरखडा काढून थांबू नका, तांब्याची कड वाकून पुन्हा टेकते. परत मीटर लावा. बीप गेला तरच ५ व्होल्टची वायर पॅडला लावा. नाही गेला तर वायरीला हात लावू नका.

हीच चिप मारायचा दुसराही रस्ता आहे. प्रो मिनीत प्रोग्राम घालायच्या अडॅप्टरवर ३.३ आणि ५ चा जंपर असतो. तो ५ वर राहिला की प्रोग्राम घालता घालता शील्ड जातं. माझ्या अडॅप्टरचा जंपर मी ३.३ वर सोल्डर करून टाकलाय.

आता हे पाच व्होल्ट आणायचे कुठून? मोबाइलचा चार्जर उत्तम. मोंढ्यात लाइट गेली म्हणून सौदा थांबत नाही, त्यामुळे माझ्या यंत्राला १२ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये व्होल्टेज उतरवणारं एलएम२५९६चं मॉड्यूल आहे. त्याचा स्क्रू आधी फिरवून मीटरवर बरोबर ५ करून घ्या, मग जोडा. ते ५ व्होल्ट प्रो मिनीच्या रॉ पिनेला आणि व्हीबसच्या पॅडला, दोन्हीकडे. ग्राउंड सगळ्यांचा एक.

उनोवाल्यांनी १२ व्होल्टचा अडॅप्टर गोल जॅकला लावून बोर्डावरचे ५ व्होल्ट स्कॅनरला देऊ नयेत. २५० मिलिअँपिअर ओढले तर सात व्होल्टांचा फरक म्हणजे पावणेदोन वॅट त्या एवढ्याशा रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन बसतात. पावसाळ्यात निभेल. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आधीच ४० अंशांच्या वर असतं, दुपारी दोनला बंद पडणार. यूएसबीची वस्तू ५०० मिलिअँपिअरपर्यंत मागू शकते, तो हिशेब धरूनच वीज द्या.

व्हीबस आणि ग्राउंडमध्ये, सॉकेटच्या अगदी जवळ, एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घाला. यूएसबीच्या नियमात यजमानानं किमान १२० मायक्रोफॅरड ठेवायचे आहेत, मी २२० घालतो. नसेल तर कीपॅड खुपसल्याक्षणी व्होल्टेज खाली बसतं, आर्डुइनो रिसेट होतो आणि आपण उगाच प्रोग्राममध्ये चुका शोधतो.

चाचणी

यूएसबी होस्ट शील्ड २.० ही लायब्ररी घाला, त्यातला 'बोर्ड क्यूसी' हा शील्ड तपासायचा प्रोग्राम चालवा. पास झालं तर पुढे चला.

'ओएससी डिड नॉट स्टार्ट', म्हणजे चिपचं घड्याळ सुरू झालं नाही, असं आलं तर ते घड्याळ चालवणारा क्रिस्टल बदलायला धावू नका. शील्ड सुरू झालं नाही की उदाहरणांमध्ये हे एकच वाक्य छापलं जातं, मग कारण काहीही असो. एसपीआयची वायर सुटली तरी तेच, आरएसटी मोकळा असला तरी तेच. मी आजवर एकही क्रिस्टल बदललेला नाही.

प्रोग्राम

कीबोर्डचं तयार उदाहरण उघडा आणि त्यातच आपलं काम घाला. कीबोर्डमध्ये हब असेल तर हबची ओळ ठेवा. बिनवायरीचे कीबोर्ड-माउस जोडीचे संच टाळा, एका डोंगलमध्ये दोन वस्तू असतात आणि साध्या उदाहरणाला ते झेपत नाही.

इथे एकच खोच आहे. ऐन दिवाळीच्या आवकेत मुनीमजींचा फोन आला, "साहेब, आकडा घेईना गेलंय की हे." गेलो, तर लाइट जाऊन आली होती आणि बॅटरीची वायर कुणीतरी काढलेली. यंत्र नव्यानं सुरू झालं की नमलॉक बंद असतो आणि तो बंद असताना लायब्ररी कीपॅडच्या आकड्यांचं अक्षरात रूपांतर करतच नाही. म्हणून अक्षर मागू नका, बटणाचा कच्चा क्रमांक घ्या. ८९ ते ९७ आला तर ८८ वजा करा, तोच आकडा. ९८ म्हणजे शून्य, ८८ म्हणजे एंटर. हे क्रमांक नमलॉक कसाही असला तरी बदलत नाहीत.

नमलॉकचं बटण मी आता उचकटूनच काढतो आणि त्या भोकात एम-सील भरतो. नाहीतर दिवा का लागत नाही म्हणून पुन्हा फोन येतो.