किडझानियात रांगेचा वेळ वाचवा

घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या किडझानिया या खेळनगरीत मुले अग्निशामक, डॉक्टर, वैमानिक अशी लुटुपुटीची कामे करून ‘किडझो’ हे तिथले चलन कमावतात; पण मोठ्यांना खिशाइतकाच ताण रांगेत जाणाऱ्या वेळेचाही पडतो. म्हणून दार उघडताच आत शिरावे आणि आगीच्या बंबासारखी हमखास गर्दीची कामे आधी उरकून घ्यावीत. आठवड्याच्या मधल्या वारी शाळांच्या सहलीही येतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तशी चौकशी केलेली बरी. कामांना वयाच्या अटी असल्याने धाकट्याला थोरल्याच्या मागे पाठवण्याचा बेत बहुधा फसतो; दोघांसाठी वेगवेगळी कामे निवडून एकेका पालकाने एकेका मुलाबरोबर राहावे, कारण मोठ्यांना काचेबाहेरूनच पाहावे लागते.