आवाज पोचत नाही म्हणाले, तर आधी शेवटचा शब्द तपासा

पहिल्या मोठ्या एकांकिका स्पर्धेत शेवटचं वाक्य माझ्या वाट्याला होतं. बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला नवरा पोलीस ठाण्यात समोर उभा आहे. हवालदार विचारतो आणि बाई म्हणते, ‘मी यांना ओळखत नाही.’ नवरा मटकन खाली बसतो, अंधार. दोन महिने तालीम झाली होती. प्रयोगात डोळ्यांत खरं पाणी आलं. निकालानंतर परीक्षकांना भेटायला गेलो, तर त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं, ‘बाईनं नवऱ्याला ओळखलं, मग तो खाली का बसला?’

‘नाही’ प्रेक्षकांत पोचलंच नव्हतं. हुंदक्यात श्वास संपला, ‘ओळखत’चं ‘ओळखते’ झालं आणि पुढचा शब्द ओठांपाशीच राहिला. सगळ्या संचाची मेहनत एका शब्दापायी उलटी झाली. आठवलं की आजही पोटात कालवतं.

नाटकात यायचंय म्हणून विचारणारी मुलंमुली मला बहुतेक वेळा संस्थांबद्दल विचारतात, म्हणून ते आधी उरकते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठातलं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, गोव्यात कला अकादमी. जमत असेल तर जरूर जा. दोन-तीन वर्षं दिवसभर फक्त नाटक करायला मिळणं ही चैन पुन्हा आयुष्यात येत नाही. प्रवेश मिळाला नाही तर खचू नका. मलाही मिळाला नव्हता. कॉलेजची स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धेतला एखादा हौशी संघ, कुणाचं तरी बॅकस्टेज, या वाटेनं आलेले नट आपल्याकडे कमी नाहीत. आठ दिवसांत अभिनय शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या शिबिरांवर मात्र पैसे घालवू नका. त्याच पैशांत महिनाभर नाटकं बघा, आणि त्यातलं एक तीनदा बघा.

आता मूळ मुद्दा. त्या स्पर्धेनंतर सगळ्यांनी एकच सांगितलं, ‘आवाज फेक.’ कसा, ते कुणीच सांगितलं नाही. मी ओरडायला लागले. पुढच्या नाटकात तिसऱ्या प्रयोगाला घसा बसला. ज्येष्ठमध तोंडात धरलं, खडीसाखर चघळली, हळदीचं दूध प्याले, आणि चौथ्या प्रयोगाला पुन्हा ओरडले. दुसऱ्या अंकात आवाज फाटला तो फाटलाच. डॉक्टरांनी स्वरतंतूंना सूज असल्याचं सांगितलं, तीन आठवडे बोलणं बंद आणि कुजबुजणंही बंद. कुजबुजण्यानंही घशावर ताण येतो, हे मला तेव्हा कळलं. भूमिका दुसरीला गेली. ते बरोबरच होतं, पण विंगेत उभं राहून आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

माझा अडसर ताईंनी ओळखला. त्याच नाटकात त्या सासूचं काम करायच्या, चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या. बसमध्ये शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, तुझा आवाज चांगला खणखणीत आहे. तू क्रियापद गिळतेस.’

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही मागे. ‘मी उद्या तुमच्याबरोबर गावाला येणार’ आणि ‘मी उद्या तुमच्याबरोबर गावाला येणार नाही’ यांत सगळं नाट्य शेवटच्या दोन अक्षरांत आहे. प्रेक्षक तिथपर्यंत अर्थासाठी थांबलेला असतो, आणि नेमका तिथेच आपला श्वास संपतो. शिवाय आपल्याला वाक्य पाठ असतं, त्यामुळे मनानं आपण आधीच पुढच्या वाक्यावर गेलेलो असतो. शेपूट सुटतं ते असं.

आणि क्रियापदाच्याही मागे चिमुकले शब्द असतात. ‘तो आलाय.’ ‘तो आलाय म्हणे.’ ‘तो आलाय वाटतं.’ ‘तो आलाय ना?’ बातमी एकच, पण बोलणारी चार निराळी माणसं. ‘म्हणे’ पडलं की तुमचं पात्रच पडलं. म्हणजे नट रडतोय, थरथरतोय, जीव तोडून काम करतोय आणि मागच्या दहा रांगा शेजारच्याला विचारताहेत, ‘काय म्हणाली?’ असं झालं की तुमच्या डोळ्यांतल्या खऱ्या पाण्याचा काही उपयोग नसतो. हे कठोर वाटेल, पण खरं आहे.

ताईंनी दिलेला सराव तसाच देते. वाक्य शेवटाकडून बांधायचं. ‘नाही.’ मग ‘ओळखत नाही.’ मग ‘यांना ओळखत नाही.’ मग ‘मी यांना ओळखत नाही.’ प्रत्येक वेळी श्वास तेवढ्याच शांतपणे घ्यायचा आणि ‘नाही’ पहिल्यांदा जसं आलं तसंच शेवटच्या वेळीही आलं पाहिजे. रोज वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाची दहा वाक्यं अशी करायची, कारण त्यांतली वाक्यं लांब असतात. दुसरं, तालमीत एक मित्र शेवटच्या रांगेत बसवायचा. बाल्कनी असेल तर बाल्कनीखाली, कारण तिथे आवाज सर्वांत कमी पोचतो. शब्द ऐकू आला नाही की त्यानं हात वर करायचा. पहिल्या दिवशी माझ्या मैत्रिणीचा हात खाली यायलाच तयार नव्हता.

एक धोका सांगून ठेवते. हे कळल्यावर लोक क्रियापदावर घाव घालायला लागतात. ‘मी यांना ओळखत नाSSही!’ ते वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटतं. शेवटच्या शब्दावर जोर नको. तिथपर्यंत श्वास उरवायचा, एवढंच. लांब वाक्यात मधे श्वास कुठे घ्यायचा ते संहितेत पेन्सिलीनं खूण करून ठेवा. दिग्दर्शकानं हालचाल बदलली की खुणाही बदला, कारण जिना चढत बोलायचं असेल तर श्वास निम्म्यावर येतो.

आवाजाच्या साधनेचं शास्त्र मराठीत नव्यानं शोधायची गरज नाही. संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी त्यावर आयुष्यभर काम केलं. भरतमुनींनी सांगितलेल्या चार अभिनयांत वाचिक, म्हणजे बोलण्यातून होणारा अभिनय, आहेच. तरी आपल्याकडे तालमीत पहिला महिना ब्लॉकिंगवर, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं आणि कसं हलायचं ते ठरवण्यात जातो आणि बोलणं ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून दिलं जातं. माझं मत स्पष्ट आहे, बैठ्या वाचनाला किमान पंधरा दिवस द्यायलाच हवेत. आता बऱ्याच ठिकाणी माइक असतात, त्यामुळे काळजी नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गिळलेला शब्द माइकसुद्धा गिळलेलाच ऐकवतो.

गुरूंबद्दलही बोलायला हवं. ‘नट मोडल्याशिवाय घडत नाही’ असं म्हणत चारचौघांत अपमान करणारा दिग्दर्शक मलाही भेटला. वर्षभर मी ते शिक्षण समजत होते. त्यातून मी एकच गोष्ट शिकले, घाबरून श्वास वर ओढायची, आणि ती मोडायला पुढे दोन वर्षं गेली. कडक माणूस आणि अपमान करणारा माणूस यांत फरक आहे. कडक माणूस तुम्हाला काय चुकलं ते सांगतो आणि पुन्हा करून घेतो. ताईंनी त्या बसप्रवासात माझ्याकडून ते एक वाक्य साताऱ्यापासून कराडपर्यंत म्हणवून घेतलं, आणि एकदाही आवाज चढवला नाही.

पैशांचं थोडक्यात. सुरुवातीची काही वर्षं नाइटवर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, घर चालत नाही. नोकरी, शिकवण्या, डबिंग, काहीतरी हाताशी ठेवा, आणि त्याची लाज बाळगू नका. तालमीला मात्र वेळेआधी पोचा. घसा दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. काढे नंतर.

मी मूळची सांगलीची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं, ते गाव. गेल्या वर्षी भावे नाट्यमंदिरात आमचा प्रयोग होता. कुठल्याही नवीन नाट्यगृहात गेलं की ताई नेपथ्य लागायच्या आधी रिकाम्या रंगमंचावर उभ्या राहून एक वाक्य म्हणायच्या. आता मी म्हणते, आणि वाक्य तेच असतं. त्या दिवशी शेवटच्या रांगेत एक बाई झाडत होत्या. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘मी यांना ओळखत नाही.’

त्यांनी झाडू थांबवून वर बघितलं. ‘कुणाला?’

मी थँक्यू म्हटलं आणि मेकअपला गेले.