जपानहून जुनी गाडी आणताय? वयाच्या हिशेबात या चुका टाळा

भारतात वापरलेली जपानी गाडी आणायला वयाच्या दोनच खिडक्या उघड्या आहेत. एक, गाडी तयार होऊन तीन वर्षे उलटलेली नसावीत. दुसरी, गाडीने पन्नाशी ओलांडलेली असावी आणि ती व्हिंटेज म्हणून यावी. मधल्या काळातल्या गाड्या आयात धोरणात 'रिस्ट्रिक्टेड' ठरतात, म्हणजे डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) स्वतंत्र परवाना लागतो. निव्वळ हौसेसाठी तो मिळेल असे धरून लिलावात बोली लावू नका. नाशिकमध्ये निसानच्या आर३२ स्कायलाइनची किंवा टोयोटाच्या सुप्राची चौकशी करणारे बहुतेक जण याच मधल्या पट्ट्यातली गाडी मागतात.

गोंधळाचे मूळ परदेशी व्हिडिओंमध्ये आहे. पंचवीस वर्षांचा नियम अमेरिकेचा. कॅनडाचा पंधरा वर्षांचा. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून पंचवीस वर्षांची सरकती मुदत ठेवली. केनियात उलट, आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही. यातला एकही नियम आपल्याला लागू नाही. आर३२ जीटी-आर १९८९ ची, म्हणजे तिची पन्नाशी २०३९ नंतर. टोयोटाची एई८६ १९८३ ची, तिला २०३३ उजाडेल. जेझेडए८० सुप्रा १९९३ ची, तिला २०४३. आज व्हिंटेजच्या खिडकीतून येऊ शकतात त्या १९६९ ची फेअरलेडी झेड, १९७० ची सेलिका, हाकोसुका स्कायलाइन या पिढीतल्या गाड्या.

चूक: पहिल्या नोंदणीचे वर्ष म्हणजे निर्मितीचे वर्ष समजणे

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. तीन वर्षे मोजायची ती निर्मितीच्या तारखेपासून. पण जपानच्या लिलावपत्रकावर आणि निर्यात प्रमाणपत्रावर असतो तो पहिल्या नोंदणीचा महिना आणि वर्ष. कारखान्यातून निघालेली गाडी कित्येकदा काही महिने विक्रेत्याच्या आवारात उभी असते. समजा एखाद्या गाडीची पहिली नोंदणी एप्रिल २०२३ ची, पण ती तयार झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. विक्रेता तिला २०२३ ची म्हणणार आणि त्याच्या देशापुरते ते बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र तिची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्येच संपली.

त्यात जपानी कागदांवर बऱ्याचदा सम्राटाच्या कालखंडाचे वर्ष असते. ते इसवी सनात आणायचे सूत्र सोपे आहे: शोवा वर्षात १९२५ मिळवा, हेसेईत १९८८, रेवात २०१८. रेवा ५ म्हणजे २०२३. शोवा ५० म्हणजे १९७५. रेवा १ मे २०१९ ला सुरू झाला, त्यामुळे २०१९ चे पहिले चार महिने हेसेई ३१ मध्ये येतात. निर्यातदाराने ईमेलमध्ये लिहिलेल्या सनावर न थांबता मूळ कागदाचा फोटो मागवून आकडा स्वतः बदलून बघा.

निर्मितीचा महिना शोधायचा तर आधी पूर्ण चासी नंबर घ्या. जपानच्या बाजारातल्या गाड्यांना सतरा अंकी व्हीआयएन (वाहन ओळख क्रमांक) नसतो. मॉडेल कोड, मग आडवी रेघ आणि अनुक्रमांक अशी रचना असते. इंजिन खोलीतल्या पाटीवर मॉडेल, रंग आणि ट्रिमचे कोड मिळतात, निर्मितीची तारीख सहसा मिळत नाही. चासी नंबर कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये टाकला की उत्पादनाचा महिना निघतो. ताळा करायला सीटबेल्टच्या तळाशी शिवलेली चिठ्ठी बघा, तिच्यावर बेल्ट बनल्याची तारीख असते. काचांवरचे कोडही बघा. बेल्ट आणि काच गाडीच्या थोडे आधी बनतात, शिवाय बदललेलेही असू शकतात, म्हणून तो पुरावा नव्हे, फक्त पडताळा. कस्टमसमोर उभे राहायला उत्पादकाचे किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीचे निर्मितीची तारीख लिहिलेले पत्रच हवे. ते आगाऊ रक्कम पाठवण्याआधी मिळत नसेल, तर गाडी सोडून द्या.

तीन वर्षे अगदी काठावर असतील तरीही सोडा. परकीय व्यापाराच्या कार्यपद्धतीत समुद्रमार्गे आयातीची तारीख बिल ऑफ लेडिंगवरून, म्हणजे जहाज कंपनीच्या माल चढवल्याच्या पावतीवरून, धरतात. पण लिलाव, नोंदणी रद्द करणे, जहाजपूर्व तपासणी आणि जागा मिळणे यात आठवडे जातात आणि एखादे जहाज चुकले की हिशेब कोलमडतो. बोली लावताना किमान चार महिने हाताशी असावेत.

चूक: पाच किलोमीटर चाललेली गाडी 'नवी' समजणे

जपानी विक्रेते विक्रीचा आकडा गाठण्यासाठी गाड्या स्वतःच्याच नावावर नोंदवतात आणि 'नोंदणीकृत पण न वापरलेली' म्हणून विकतात. आपल्या नियमात नवी गाडी तीच, जिची कोणत्याही देशात नोंदणी झालेली नाही आणि जी आधी विकली किंवा भाड्याने दिलेली नाही. ओडोमीटर काहीही सांगो, ही गाडी वापरलेल्या गाडीच्याच अटींवर येते.

तीन वर्षांच्या आत आहे, तरी अडते कुठे?

वय ही पहिली चाळणी. स्टिअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य, या अटी जपानी गाडी सहज पार करते, कारण तिकडेही डावीकडूनच चालतात. खरी अडचण मोटार वाहन कायद्याच्या अनुरूपतेची. आयातीच्या दिवशी लागू असलेले नियम गाडीने पाळायला हवेत आणि १ एप्रिल २०२० पासून त्यात बीएस६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष आले. जपानी बाजारातली गाडी जपानच्या मानकांवर तपासलेली असते. तेवढ्याने बीएस६ सिद्ध होत नाही. जहाजात चढण्याच्या लगेच आधी मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. आयातीनंतर गाडी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या वाहन तपासणी संस्थेत पुन्हा तपासली जाते. नाशिककरांना पुणे आणि अहिल्यानगर दोन्ही जवळ असल्याने ही दुसरी तपासणी त्यातल्या त्यात सोयीची. आयातीपासून किमान पाच वर्षे गाडी रस्त्यायोग्य राहील आणि तेवढा काळ तिची सर्व्हिस होईल, अशी हमीही द्यावी लागते.

बंदराची चूक तर अगदी साधी, पण महाग. वापरलेल्या गाड्यांसाठी फक्त मुंबईचे कस्टम बंदर ठरवलेले आहे. नव्या गाड्यांच्या यादीत न्हावा शेवा आणि मुंबई वेगवेगळी लिहिलेली आहेत, त्यामुळे 'दोन्ही एकच' हे एजंटाचे म्हणणे मान्य करू नका. ओझरला कार्गोची सोय आहे म्हणून गाडी तिथे सोडवता येईल, हा समजही चुकीचा. बुकिंगच्या कागदावर उतरण्याचे बंदर मुंबई आहे ना, ते जहाज सुटण्याआधी वाचा.

खर्चाचा अंदाज लिलावाच्या किमतीवर बांधू नका. गाडी, विमा आणि भाडे मिळून १० लाख रुपये मूल्य धरले, तर वापरलेल्या मोटारीवर सीमाशुल्क आणि कृषी उपकर मिळून १३७.५ टक्के, म्हणजे १३ लाख ७५ हजार. झालेल्या २३ लाख ७५ हजारांवर मोठ्या गाडीला ४० टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे साडेनऊ लाख. बंदरातून बाहेर पडतानाच गाडी ३३ लाख २५ हजारांची होते. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर आयजीएसटी १८ टक्के. तपासणी, एजंट आणि पेठ रोडच्या आरटीओतला रोड टॅक्स यावर वेगळा. कस्टमला बिलाची रक्कम कमी वाटली तर मूल्य वाढवून शुल्क लागते, म्हणून कमी रकमेचे बिल करून देणारा निर्यातदार टाळा.

व्हिंटेजच्या खिडकीतली चूक

पूर्वी फक्त १ जानेवारी १९५० आधीच्या गाड्या व्हिंटेज म्हणून आणता येत. २०२५ साली ही अट सरकती पन्नास वर्षांची झाली. नोंदणीसाठी २०२१ चे केंद्रीय नियम आहेत आणि तिथे पन्नास वर्षे पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून मोजतात. म्हणजे तीन वर्षांच्या खिडकीत निर्मितीची तारीख बघायची आणि इथे नोंदणीची. १९७५ च्या शेवटी बनून १९७६ मध्ये नोंदलेली गाडी घेताना हा फरक ध्यानात ठेवा.

गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या कित्येक जुन्या झेड आणि स्कायलाइनचे फेंडर कापून रुंद केलेले असतात किंवा इंजिन मोठे टाकलेले असते. फोटोत देखणी दिसणारी तीच गाडी इथे नापास होते. मडगार्डच्या आतल्या बाजूचे, इंजिन नंबरचे आणि पाटीचे जवळून फोटो मागवा. फॉर्म २० या नोंदणी अर्जासोबत बिल ऑफ एंट्री (कस्टममध्ये भरलेला आयातीचा कागद) आणि विमा द्या, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. नंबरात 'व्हीए' येते, नोंदणी दहा वर्षांची असते आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला परवानगी नसते.

इथेच विकायला असलेली 'इम्पोर्टेड' गाडी

अर्धी कापून भंगार म्हणून आणलेली आणि जोडून दुसऱ्या गाडीच्या आरसीवर चालवलेली गाडी वयाच्या नियमातून सुटत नाही. मूळ रचना बदलणे कलम ५२ खाली मना आहे. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आलेली गाडी परत जायलाच हवी. भूतानमार्गे आणून दूरच्या राज्यात नोंदवलेल्या गाड्यांवर केरळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टमने मोठी मोहीम केली. अशी गाडी जप्त झाली की पैसे शेवटच्या खरेदीदाराचे जातात. त्यामुळे एमएच १५ पासिंग करून देण्याच्या तोंडी हमीवर बयाणा देऊ नका. बिल ऑफ एंट्रीचा नंबर आणि तारीख कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर तपासा, त्यातला चासी नंबर बॉडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि वाहन पोर्टलवरची पहिली नोंदणी बिल ऑफ एंट्रीनंतरची आहे ना ते पाहा.

गाडी बंदरातच वयावरून अडली असेल, तर विलंब शुल्क रोज चढते, म्हणून तोंडी रदबदलीत वेळ घालवू नका. उत्पादकाचे पत्र, निर्यात प्रमाणपत्राचे भाषांतर आणि बिल ऑफ लेडिंग एकत्र जोडून लेखी खुलासा द्या. वय खरोखरच बसत नसेल तर त्याच अर्जात गाडी परत पाठवण्याची परवानगी मागा. आदेश विरोधात गेला तर आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागायला आदेश हाती पडल्यापासून ६० दिवस मिळतात.