पाती वाकली, पण बरोबर वाकली का? प्रिसाइस, ओपनफोम आणि कॅल्क्युलिक्सची जोडणी

कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हमधली पोलादी पाती, आमच्या भाषेत 'रीड', हे माझं भोसरीतलं रोजचं काम. हवा पातीला ढकलते, पाती वाकते, वाकली की हवेची वाट बदलते, आणि वाट बदलली की ढकलणंही बदलतं. हे दोन्ही एकत्र सोडवणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्याकडे एकच, आणि त्यावर कायम दुसरंच कुणीतरी बसलेलं. म्हणून मी घरच्या लॅपटॉपवर फुकटातला रस्ता शोधला.

या रस्त्यावर तीन गडी आहेत. हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं ओपनफोम. घन भाग किती वाकतो ते काढणारं कॅल्क्युलिक्स. ते म्युनिकच्या एमटीयू या विमान-इंजिन कंपनीतल्या धोंट आणि विटिग या दोघांनी लिहिलं, आणि त्याची इनपुट फाइल अबॅकस हे विकतचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना लगेच ओळखीची वाटते. या दोघांमध्ये निरोप्या म्हणून म्युनिक आणि स्टुटगार्टच्या विद्यापीठांत घडलेलं प्रिसाइस. ओपनफोम पातीवरचं बल सांगतं, कॅल्क्युलिक्स पाती किती सरकली ते सांगतं, आणि प्रिसाइस हे आकडे एका जाळीवरून (गणितासाठी आकाराचे पाडलेले बारीक तुकडे) दुसऱ्या जाळीवर नेतं.

उबुंटू लिनक्स नसेल तर विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालतं. प्रिसाइसचं डेबियन पॅकेज मिळतं, ते टाका. ओपनफोमच्या दोन शाखा आहेत. ज्या शाखेत आवृत्तीला वर्ष-महिन्याचा आकडा असतो (२४१२ म्हणजे डिसेंबर २०२४), ती घ्या. मग दोन्ही सॉल्व्हरचे, म्हणजे ओपनफोम आणि कॅल्क्युलिक्सचे, प्रिसाइसशी जोडणारे अ‍ॅडॅप्टर. इथे एक संध्याकाळ जाते, ती जाऊ द्या. ओपनफोमच अजून हातात बसलं नसेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं शिक्षणसाहित्य आधी बघा. जोडणी आणि ओपनफोम एकदमच शिकायला गेलात तर चूक कुठली ते कळतच नाही.

पहिलं उदाहरण प्रिसाइसच्या ट्युटोरियल्समधलं 'पर्पेन्डिक्युलर फ्लॅप'. ६ मीटर लांब, ४ मीटर उंच वाहिनी, आणि तळाला १ मीटर उंच, ०.१ मीटर जाड उभी पाती. प्रवाह १० मीटर प्रति सेकंद. दोन टर्मिनल उघडा: एकात प्रवाहाच्या फोल्डरमधली रन स्क्रिप्ट, दुसऱ्यात घनाच्या फोल्डरमधली. पहिला सुरू होऊन नुसता थांबून राहील. घाबरू नका, तो जोडीदाराची वाट बघतोय. मध्येच एक बंद पडला तर दुसराही थांबवा आणि मागे राहिलेलं 'प्रिसाइस-रन' फोल्डर पुसून मगच पुन्हा चालवा. ते तसंच ठेवून मी एक अख्खा रविवार स्क्रीनकडे बघत बसले होते.

आता मुख्य गोष्ट. चित्र बघायच्या आधी कागद घ्या. पातीचा यंग मापांक (ई, म्हणजे मालाची ताठरता) ४० लाख पास्कल, घनता घनमीटरला ३००० किलो. रुंदी १ मीटर धरली तर आय (छेदाच्या आकारामुळे येणारा वाकण्याचा विरोध) म्हणजे ०.१ चा घन भागिले १२, आणि ई गुणिले आय साधारण ३३३. मीटरला वस्तुमान ३०० किलो. ३३३ भागिले ३०० चं वर्गमूळ १.०५, त्याला कॅन्टिलिव्हरच्या, म्हणजे एकाच टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीच्या, ३.५१६ या ठरलेल्या आकड्याने गुणलं की ३.७ रेडियन प्रति सेकंद. ६.२८ ला ३.७ ने भागा: एका झोक्याला सुमारे १.७ सेकंद. म्हणजे ५ सेकंदांच्या रनमध्ये जेमतेम तीन झोके, आणि पहिला सगळ्यात मोठा, कारण वारा एकदम येऊन आदळतो. पातीच्या टोकाची वॉचपॉइंट फाइल (त्या बिंदूच्या हालचालीची नोंद) उघडून आलेख काढा आणि झोके मोजा.

हा कागद मी माझ्या स्वतःच्या रीडच्या वेळी काढला नव्हता. कॅल्क्युलिक्सला एकक नावाची गोष्टच माहीत नाही. आकडे द्याल तसे घेतं. भूमिती मीटरमध्ये होती, घनता ७८५०, आणि सवयीने मी पोलादाचा मापांक २१०००० टाकला, म्हणजे मेगापास्कलमध्ये. ताठरता दहा लाख पटींनी कमी! पोलादाची पाती ओल्या पापडासारखी लोळली, आणि मी दोन दिवस जाळीला दोष देत होते. दुसरी चूक ओपनफोमच्या बाजूची: हलत्या भिंतीवर वेगाची अट 'मूव्हिंग वॉल व्हेलॉसिटी' हवी. साधी 'नो स्लिप' ठेवली तर भिंत हलते, पण तिला चिकटलेली हवा जागची हलत नाही. सॉल्व्हर तक्रार करत नाही, हेच वाईट.

जोडणीची रीत प्रिसाइसच्या एक्सएमएल फाइलमध्ये ठरते. 'एक्स्प्लिसिट' म्हणजे प्रत्येक पायरीला एकदाच देवाणघेवाण. 'इम्प्लिसिट' म्हणजे दोघांचं जमेपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा. या फ्लॅपमध्ये पातीची घनता हवेच्या ३००० पट, त्यामुळे जोडणी फारशी रुसत नाही. पाण्यातलं रबर घ्या, की पातीला स्वतःसोबत जवळपास स्वतःइतकंच पाणी हलवावं लागतं, आणि एक्स्प्लिसिट गणित फुटतं. पायरी लहान करूनही सुटका नाही. तिथे इम्प्लिसिट आणि सोबत 'क्वासी-न्यूटन'ची (मागच्या फेऱ्यांवरून पुढचा अंदाज सुधारणारी रीत) गती हवीच. इटरेशन्सची, म्हणजे या फेऱ्यांची, लॉग फाइल बघत राहा. प्रत्येक पायरी कमाल मर्यादेला टेकत असेल तर मिळालेलं उत्तर जुळलेलं नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं तर पुढचं उदाहरण तुरेक आणि ह्रोन या संशोधकांची २००६ची कसोटी (उत्तर आधीच माहीत असलेलं उदाहरण), तिचा एफएसआय३ हा प्रकार. ०.१ मीटर व्यासाच्या गोल खांबामागे ०.३५ मीटर लांब, २ सेंटीमीटर जाड पट्टी. द्रव आणि पट्टीची घनता एकच. खांब मुद्दाम वाहिनीच्या मध्यापासून ५ मिलिमीटर खाली ठेवलाय, म्हणजे पट्टी आपणहून फडफडायला लागते. आधी एक्स्प्लिसिट लावून ती फुटू द्या. मग इम्प्लिसिट लावा, लॅपटॉप चार्जरला जोडा आणि झोपा. हालचाल स्थिरावल्यावर टोक सुमारे ३४ मिलिमीटर वर आणि तेवढंच खाली, सेकंदाला ५.३ वेळा हलायला हवं.