आगोटीआधी घर ओलीपासून कसं जपावं

आमचं घर फोंड्याजवळ. जुनं, कौलारू, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत भिंती काही कोरड्या होत नाहीत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांतच. गळती दिसते, म्हणून तिच्याकडे लगेच लक्ष जातं. ओल मात्र दिसेपर्यंत वस्तू हातची गेलेली असते. माझ्या आईची एक रेशमी साडी अशीच गेली. जपायची म्हणून मी ती जुलैतल्या एका दमट दुपारी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली. चवथीला काढली तर काठावर काळे ठिपके, आणि घडी उलगडताना रेशीम घडीवरच फाटलं. पिशवीत साडीबरोबर जुलैची हवाही मी बंद केली होती, हे तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर जे करून पाहिलं आणि खरंच उपयोगी पडलं, तेवढंच इथे सांगते.

सुरुवात छपरापासून करा. शाकारणीला, म्हणजे कौलं नीट करायला, माणूस मिळणं आता कठीण झालंय, त्यामुळे एप्रिलमध्येच सांगून ठेवलेलं बरं. तो यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी खिडक्या-दारं लावा, दिवे बंद करा आणि प्रत्येक खोलीत उभं राहून वर बघा. फुटक्या किंवा सरकलेल्या कौलातून उन्हाची तिरीप आत येते. शिडीवर चढून त्या फटीतून माडाच्या झावळीचा एक हीर (काडी) वर सारून ठेवा. दुसऱ्या दिवशी छपरावरच्या माणसाला हीर उभे दिसतात आणि नेमकं कुठलं कौल बदलायचं ते विचारावं लागत नाही. नाहीतर खालून ‘डावीकडे, अजून थोडं’ असं ओरडत अर्धा दिवस जातो. पन्हळीतला पाला त्याच दिवशी काढून घ्या.

आता या लेखातली एकच वस्तू घ्यायची असेल तर ती हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, हायग्रोमीटर. काडेपेटीहून थोडं मोठं, बटण सेलवर चालणारं, पाचशे रुपयांच्या आत मिळतं. त्याचा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास राहिला तर कपडे-पुस्तकं सुखरूप राहतात. सत्तरच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरायला लागते. हे यंत्र आलं आणि माझी एक जुनी सवय मोडली. पाऊस जरा थांबला की ‘हवा खेळू दे’ म्हणून मी सगळ्या खिडक्या उघडायची. यंत्र पाव तास पडवीत ठेवलं तर तिथे ब्याण्णव, आत अठ्ठ्याहत्तर! म्हणजे मी ओल घरात बोलावत होते. आता बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तरच खिडक्या उघडते, आणि तशी वेळ बहुधा ऊन पडल्यावर दुपारी येते. एरवी खिडक्या बंद आणि पंखा चालू. पंख्याने आर्द्रता कमी होत नाही, पण कोपऱ्यात, कपाटामागे हवा साचून राहत नाही. त्यासाठी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा.

कपडे दिवाणखान्यात दोरीवर वाळवत असाल तर त्यांतलं सगळं पाणी घराच्या हवेतच जातं. एक खोली त्यासाठी वेगळी काढा, दार लावून घ्या आणि पंखा त्यांच्यावर सोडा.

कपाटांसाठी मी सिलिका जेल वापरते. निळे दाणे किलोने मिळतात. जुन्या मलमलीच्या पुरचुंड्या शिवून त्यांत भरायचे. ओल शोषली की ते गुलाबी होतात. मग जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत परतायचे, की पुन्हा वापरायला तयार. हा तवा स्वयंपाकात पुन्हा घेऊ नका. निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो पोटात जाणं वाईट, म्हणून हे दाणे धान्यात ठेवायचे नाहीत आणि मुलांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. दुकानात ओल शोषणारे प्लास्टिकचे डबेही मिळतात, ज्यांच्या तळाशी पाणी साठतं. कामाला चांगले आहेत, पण ते पाणी खारट असतं आणि कपड्यांवर सांडलं तर त्रास देतं. म्हणून ते कपाटाच्या खालच्या कप्प्यातच ठेवा.

एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे, विक्रीखतं, मुलांची प्रमाणपत्रं मेमधल्या कोरड्या दिवशी बंद पिशवीत घाला, सोबत एक पुरचुंडी. साडीचंही तसंच, फक्त प्लास्टिकऐवजी सुती कापडात.

आमच्याकडे भजनाची पेटी आहे. पावसात तिच्या पट्ट्या फुगून अडकायच्या आणि नेमक्या श्रावणात, जेव्हा ती रोज लागते. पेटी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी सांगितलं, ती लाकडी कपाटात ठेवा आणि खाली तारेचा पंधरा वॅटचा बल्ब लावा. हवा तापली की तीच वाफ तिला कमी वाटते: २७ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येते. एलईडीचा बल्ब इथे चालणार नाही, तो पुरेसा तापत नाही. बल्बभोवती जाळी हवीच, आणि त्या कप्प्यात कापड किंवा कागद अजिबात नको. गेली चार वर्षं पेटी एकदाही अडकलेली नाही.

स्वयंपाकघराची बेगमी गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात (बेगमीच्या जत्रेत) किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या, सोलां (आमसुलं), कांद्याच्या माळा, सुकी सुंगटं (कोळंबी) घेतली जातात. चूक होते ती भरताना. उन्हातून आणलेली मिरची गरम असतानाच बरणीत घातली तर वाफ आतल्या आत गार होऊन पाणी सुटतं. पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि त्याच संध्याकाळी झाकण लावा. रात्रभर उघडी ठेवली तर सगळं ऊन वाया. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवा. कांद्याची माळ शेगडीपासून थोडी बाजूला, उबेत टांगा.

शेवटी वीज. मेन स्विचजवळ ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं यंत्र, असेल तर त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दर महिन्याला दाबा. दाबताच वीज गेली पाहिजे. गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवायला उशीर करू नका, कारण ओल्या भिंतीतून ३० मिलिअँपिअर गळलं तरी माणसाला वाचवायचं काम त्याच एका यंत्राचं आहे. आमच्याकडे तेच नव्हतं. मागच्या वर्षी बसवलं. विजा कुठे पडताहेत ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप दाखवतं. गडगडाट जवळ आला की टीव्ही आणि राउटरच्या पिना काढून ठेवते. दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत दोन क्रमांक लिहिलेत: वीज गेली तर १९१२, झाड पडलं तर अग्निशामक दलाचा १०१. त्याच खिळ्याला डोक्याला बांधायची टॉर्च लटकते. अंधारात मेन स्विचशी काही करायचं असेल तर दोन्ही हात मोकळे लागतात.

पुरचुंड्या भाजायचा दिवस मी कॅलेंडरवर एक रविवार सोडून पुढच्या रविवारी, असा लिहून ठेवते. सासूबाई आता माझ्याआधी तो तवा काढून ठेवतात.